जवायानं बसवलेला कपॅसिटर

आमच्या राळेगावच्या सासुरवाडीत जावयाला त्याची चूक तोंडावर सांगत नाहीत. या चांगल्या रितीपायी मागच्या दिवाळीत एक रेडिओ मरता मरता वाचला.

रेडिओ माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा. लाकडी पेटी, आत काचेचे व्हॉल्व, लावल्यावर मिनिटभर तापून मगच बोलणारा. त्याच्यावर सकाळच्या बातम्या ऐकल्याशिवाय मामाजी वावरात जात नाहीत. (टीव्ही आहे घरात. त्याच्यावर टॉवेल वाळतो.) पण हल्ली बातम्या कमी आणि घरघरच जास्त ऐकू यायची.

"कपॅसिटर सुकले त्याचे," मामाजी म्हणाले. "नवे आनून ठेवले. बसवतो आज."

मामाजींनी तरुणपणी बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेलं. तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी मोबाइलवर याच विषयाचे अकरा व्हिडिओ पाहून गेलो होतो ना!

"तुमी कायले तरास घेता, मामाजी? द्या इकडे."

माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून डोकावली. "अहो, मागच्या खेपेले मिक्सर..."

"मिक्सर वेगळा."

"करू दे वं बाई त्यायले," मामाजी लेकीला म्हणाले.

लहान कपॅसिटर मी दणादण बदलले. त्यांना उलटं-सुलटं नसतं, त्यामुळे माझी गाडी जोरात होती. मग आला मोठा. त्याला अधिक-उणे असतं. बाजू चुकली की तापून फुटतो. हे मला पक्कं ठाऊक होतं, सातव्या व्हिडिओत होतं. मी तो ऐटीत बसवला, सोल्डर केला, वर फुंकरही मारली.

मामाजींनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"बराबर हाय ना?"

"तुमी म्हनसान तसं, जवाईबापू."

मग त्यांनी टेबलावरची चिवड्याची ताटली उचलून आत दिली. पसारा आवरत असतील, मी म्हटलं. सासूबाईंना म्हणाले, "तू आतच थांब." हा जावयाचा मान! स्वतः खुर्ची सरकवून भिंतीपाशी बसले आणि भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवलं. उद्घाटन त्यांनाच करायचं असणार.

"पेटीची पाठ लावून घेऊ?" मी विचारलं.

"घ्या लावून. लय बरं होईन."

बटण दाबलं. व्हॉल्व लालसर झाले. मी सुनंदाकडे पाहून मिशीवरून हात फिरवला आणि पेटीत फटाका फुटला. मामाजींनी त्याच क्षणी बटण बंद केलं. पाठीच्या भोकांतून धूर आला, सडक्या मासळीसारखा वास सुटला आणि कपॅसिटरच्या आतल्या कागदाचे कपटे येऊन त्याच मिशीत बसले. म्हाताऱ्या माणसाचा जीव की प्राण असलेला रेडिओ मी भर दिवाळीत मारला होता.

"उलटा बसला काय, मामाजी?"

"थोडासा."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"जवायाले कसं म्हनाव जी, चुकले म्हनून?"

"पन रेडिओ गेला ना!"

"नाही जात. टायमावर बंद केला." असं म्हणत मामाजींनी बंडीच्या खिशातून तस्साच एक कोरा कपॅसिटर काढला, पेटी झाडली आणि पाच मिनिटांत तो बसवला. रेडिओ खणखणीत बोलू लागला. मला इतकं हायसं वाटलं की लाजायचंही सुचेना.

"पन मामाजी, लागते एकच. तुमी दोन कायले आनले होते?"

मामाजी पेटीचा स्क्रू पिळत खालमानेनं म्हणाले, "सुनंदाचा फोन आल्ता नं, तुमी येऊन राह्यले म्हनून."