दुरुस्तीच्या अर्जावर एक घोडी

घोडी पाच दिवस तबेल्यातून हलली नव्हती, आणि त्याला माझे पत्र कारणीभूत होते.

मी तेव्हा लीड्समधल्या एका सरकारी कचेरीत लायसन्स देण्याच्या कामावर होतो. एका राजवटीने शेजारच्या देशावर चाल केली होती. देशाचे नाव लिहीत नाही, नोकरीतली सवय. आक्रमकाला लढाईसाठी पैसा उभा करता येऊ नये, म्हणून त्याची ब्रिटनमधली मालमत्ता गोठवण्याचा आदेश निघाला. गोठवणे म्हणजे जप्ती नव्हे. मालकी त्याचीच राहते; परंतु आमच्या लायसन्सवाचून ती वस्तू विकता, हलवता वा वापरता येत नाही.

यादीत यॉर्कशरमधला घोड्यांचा एक फार्म होता. मी ठरलेल्या मजकुराचे पत्र पाठवले: मालमत्ता आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत राहावी.

फार्म सांभाळणारे मिस्टर हॉल्रॉइड हे साठीचे, कायद्याला भिणारे गृहस्थ. त्यांनी पत्र अक्षरशः पाळले. घोडी फिरवणे बंद. लीद बाहेर टाकणेही बंद, कारण ती मालमत्तेतूनच निघालेली. चारा तेवढा घालत होते. तो गुन्हा त्यांनी पत्करला होता. सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. घोडी गाभण होती. मागच्या खेपेला ती विताना मरता मरता वाचली होती, आणि या वेळी व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, तिला आजच हॉस्पिटलमध्ये न्यायचे होते.

"सर, ती आहे त्या स्थितीत राहायला तयार नाही," ते म्हणाले.

अन्न आणि औषधपाण्यासाठी सवलत होती, पण माणसांना. त्या फॉर्मवर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर लागे. आमच्या लीगल विभागात नागपूरच्या मिस गायकवाड होत्या.

"सर, इथं घोड्यांना पासपोर्ट असतो," त्या म्हणाल्या. "व्हिसाही लागत नाही. आपल्यापेक्षा बरं आहे तिचं."

तरीही ती व्यक्ती ठरत नव्हती. माझे वरिष्ठ ग्रॅहम यांनी विषय मंगळवारच्या कमिटीपुढे घेऊ म्हणून सांगितले. त्या दिवशी गुरुवार होता.

शेवटी गायकवाडांनी इमारत-दुरुस्तीचा फॉर्म काढला. गोठवलेल्या घराचे छप्पर गळू लागले तर किंमत घटू नये म्हणून तातडीची दुरुस्ती करता येते, आणि त्याला माझी एकट्याची सही पुरे. मी लिहिले. मालमत्ता: घोडी. बिघाड: प्रसूती. कंत्राटदार: व्हेट. पाण्याची गळती आहे काय, या रकान्यापाशी मी थांबलो. गायकवाड म्हणाल्या, हो लिहा, लवकरच होईल.

नोकरी जाण्याइतकी ती सही वेडी होती. मी केली. संध्याकाळी हॉल्रॉइडचा फोन आला: घोडी आणि शिंगरू, दोघेही सुखरूप.

दुसऱ्या दिवशी ग्रॅहमनी फॉर्म दोनदा वाचला.

"साठे, दुरुस्तीनंतर मालमत्ता पूर्ववत झाली का?"

"नाही. एकीच्या दोन झाल्या."

"म्हणजे युद्ध चालू असताना आपण शत्रूची मालमत्ता वाढवली."

"शिंगरूही गोठवले आहे," मी म्हणालो.

शिंगराच्या गोठवणुकीचे पत्र मी शनिवारी फार्मवर जाऊन, तिथे उभा राहून लिहिले. ठरलेला मजकूर वापरला नाही. आता वाटते, आदेश काढण्यापूर्वी, ती वस्तू चारा खाते का, एवढे विचारून घ्यावे.