काम तिच्या अंगणात

वाळत घातलेल्या चिकूंचा वास आला की तलासरीचं माझ्या मैत्रिणीचं ते अंगण आठवतं. डहाणूत आम्ही दोघी एका ऑफिसात छोट्या धंदेवाल्यांच्या जाहिराती फेसबुकवर टाकायचो. तिच्या नवऱ्याचा अपघातात पाय मोडला, तिला घर सोडता येईना. शेठ म्हणाले, "दुसरी बघावी लागेल." मी म्हटलं, "थांबा, काम तिच्याकडे नेते." घोलवडच्या बागायतदाराच्या वाळवलेल्या चिकूचिप्सची पाकिटं घेऊन मी तिच्या दारात उभी राहिले. "अगं, इथे नेट कुठे येतं?" ती रडवेली झाली. "टेकडीवर येईल ना!" तिने अंगणात नवऱ्याच्या खाटेशेजारी बसून फोटो काढले, मजकूर लिहिला, मी टेकडी चढून ते टाकले. संध्याकाळपर्यंत ऑर्डरी सुरू झाल्या आणि शेठचा फोन आला, "उद्याचं काम तिकडे कधी नेतेस?" आजही कुणी जमणार नाही म्हटलं, की मी आधी चपला घालते.