शालीने धरलेली खुर्ची

वहिनी गेल्याचं मला व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कळलं. सख्खी नणंद मी, आणि माझ्या आधी साऱ्या गंगापूर रोडला कळलेलं होतं. दिवाळी नुकतीच सरली होती, सकाळचा चहा टाकून मी फोन हातात घेतला, तर हात जोडलेल्या चित्रांची नुसती रांग लागलेली. पहिला निरोप वसुधाचा. 'आपल्या सर्वांच्या लाडक्या इंदूताई पहाटे झोपेतच...' वसुधा म्हणजे वहिनीच्या वरच्या मजल्यावर राहणारी, मोठी गाडी चालवणारी, गेल्या काही वर्षांत वहिनीला चिकटलेली बाई. माझ्या भाच्याचे, अमोलचे दोन फोन त्याच्या आधीच येऊन गेले होते, पण ते मला नंतर दिसले. खरं सांगते, रडू उशिरा आलं. आधी डोक्यात तिडीक गेली. 'आपल्या सर्वांच्या' म्हणे! अगं, ती माझी वहिनी. तिला पहिल्यांदा गाण्याला नेलं कुणी? मी. तू तेव्हा नाशकात तरी होतीस का?

आता थंडी पडली आहे, शहरात रोज कुठे ना कुठे काहीतरी चालू आहे, आणि मी हे लिहायला बसले आहे. नाशिकचा हिवाळा म्हणजे आमच्यासाठी कधीच नुसती थंडी नव्हती. पहाटेची गाणी, नाटकांच्या स्पर्धा, चित्रांची प्रदर्शनं, शाळांच्या मैदानावरची व्याख्यानं. स्वेटर बाहेर निघाले की आम्हा दोघींचं हिंडणं सुरू. माझा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, या भानगडीत पडायचा नाही. त्याला कुठल्याही कार्यक्रमात पाच मिनिटांत झोप लागते आणि तो घोरतो. 'तुम्ही दोघी जा, मी घर राखतो,' एवढं बोलून तो मोकळा व्हायचा.

वहिनी पिंपळगाव बसवंतची. माहेरी द्राक्षांचे मळे, घरात सतत माणसांचा आणि टेम्पोंचा राबता, गाणं म्हणजे लग्नात वाजतं तेवढंच माहीत. मी मात्र गाण्याच्या चार परीक्षा दिलेल्या, कॉलेजात पेटी वाजवायचे, घरात माझ्या कानाला मान होता. ती लग्न होऊन आली त्याच हिवाळ्यात मी तिला घाटावरच्या पहाटेच्या मैफलीला घेऊन गेले. जाताना रस्ताभर समजावलं, मध्ये बोलायचं नाही, टाळ्या कधी वाजवायच्या ते मी सांगेन. गवई नामांकित होते, आलाप सुरू होता, सगळं मैदान श्वास धरून बसलेलं. आणि त्या शांततेत आमची नवी नवरी मोठ्यानं म्हणाली, "ताई, लय गोड गातोय ओ हा माणूस!"

मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. लोक वळून बघायला लागले. आणि ते गवई... हसले की हो! तिच्याकडे बघून मान डोलावली आणि तीच जागा पुन्हा घेतली, खास तिच्यासाठी. कार्यक्रम संपल्यावर 'त्या बाई कुठायत?' म्हणून निरोप आला. वहिनी पदर खोचून स्टेजवर गेली, त्यांच्याशी चांगली दहा मिनिटं गप्पा मारून आली. मी चार परीक्षावाली खाली दोघींच्या चपला सांभाळत उभी. माझ्याकडे आजतागायत एकाही गवयाने ढुंकून पाहिलेलं नाही.

तेव्हापासून पोटात दुखायला लागलं ते लागलंच. बरं, तिने काही शिकावं, तर तेही नाही. चाळीस वर्षं ऐकूनही तिला दोन राग वेगळे सांगता यायचे नाहीत. मी सांगायला गेले की म्हणायची, "असू द्या ना ताई, त्याचं नाव घेऊन काय करायचंय? बरं वाटतंय ना?" तिला बरं वाटायचं, हेच तर मला सहन व्हायचं नाही. मी तान मोजत बसायचे आणि शेजारी हिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाटकाला गेलो तर हीच रडणार, हीच हसणार, आणि मध्यंतरात पूर्ण अनोळखी बाईच्या हातात हात घालून चहा पिऊन येणार. माघ महिन्याच्या सुमारास माहेराहून द्राक्षं यायची. ती पेटी घेऊन ही थेट कलाकारांच्या मेकअपच्या खोलीत शिरायची. "खा रे, गळा ओला राहील." त्यामुळे साऱ्या हौशी नाटकवाल्यांत ती 'द्राक्षवाल्या काकू' झाली. आणि मी? माझ्या जन्मगावात, जिथे मी शाळेत गेले, नोकरी केली, पेन्शनीत निघाले, तिथे माझी ओळख 'द्राक्षवाल्या काकूंची नणंद'. अंगाचा तिळपापड व्हायचा नुसता.

एक काम मात्र ती माझ्यासाठी न चुकता करायची. माझी जागा धरून ठेवायची. आमच्याकडच्या कार्यक्रमांना पुढचे सोफे पाहुण्यांचे, बाकी खुर्च्या ज्याने आधी धरल्या त्याच्या. कुणी रुमाल टाकतं, कुणी पिशवी. मी माझ्या घरून येणारी, आणि कायमची उशिरा पोचणारी. थंडीत अंथरूण सोडायचं माझ्या अगदी जिवावर येतं. धापा टाकत मैदानात शिरले की तिसऱ्या-चौथ्या रांगेत वहिनीचा हात वर झालेला दिसायचा, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची किरमिजी शाल पसरलेली. रांगेतली बाकीची मंडळी आधीच बसलेली असायची. मी शाल उचलून तिच्या मांडीवर ठेवायला जायचे, तर म्हणायची, "राहू द्या तुमच्याकडं. मला कुठं वाजते थंडी? मळ्यातली हाय मी." मग मी ती शाल कानांवरून लपेटून ऐकत बसायचे. निघताना फाटकापाशी घडी करून परत द्यायचे. यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नाही. तिच्या हाताला जे आधी लागेल ते ती टाकत असेल.

ती शाल आम्ही दोघींनी मिळूनच घेतलेली. देवळाली कॅम्पात एका चित्रप्रदर्शनाला गेलो होतो, येताना बाजारात लोकरीचे कपडे विकणाऱ्यांपाशी वहिनी थांबली. तिचा डोळा हिरव्या शालीवर होता. मला विचारलं, "ताई, तुम्हाला कंची आवडती?" मी म्हटलं, हिरवी काय घेतेस, पोपट दिसशील, ही किरमिजी घे. तिने निमूट किरमिजी घेतली, आणि त्या दिवशी आपलं ऐकलं म्हणून मी मनातून खूश झाले होते.

मग ही वसुधा आली. गाडी आली, ग्रुप आला. आमच्या बसच्या आणि रिक्षाच्या फेऱ्या होत्या तिथे 'आठ वाजता पिकअप' सुरू झालं. एका हिवाळ्यात हे लोक मुंबईला कलामहोत्सव बघायला गेले, मुक्कामी. मला कळलं ते निघायच्या आदल्या दिवशी. "ताई, गाडीत जागाच नाय राहिली ओ," वहिनी फोनवर म्हणाली. मी म्हटलं, असू दे, मला कुठे वेळ आहे. आणि फोन ठेवून तासभर भांडी आपटली. मैदानात जागा धरणारीला गाडीत धरता आली नाही होय? परत आल्यावर दोन दिवस ती मला महोत्सवाचं वर्णन सांगत होती. रस्त्यावर केवढाले पुतळे उभे केलेले, पोरं भिंतीच रंगवत होती... आणि दर दोन वाक्यांनी, "तुम्ही असत्या ना ताई, तर मजा आली असती." मला वाटलं, तोंडदेखलं बोलतेय. तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला. मी हिची कोण? नात्याने गळ्यात पडलेली नणंद, की त्याहून काही जास्त? तिला विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर खो खो हसली असती आणि साऱ्या ग्रुपला सांगितलं असतं.

ती गेल्यावर ग्रुपने वाचनालयाच्या छोट्या हॉलमध्ये शोकसभा घेतली. हॉल भरून माणसं दारात उभी होती. मी भावाशेजारी पुढे बसले होते आणि एकेकाचं ऐकून आतून पेटत होते. वसुधा उठली. "इंदूताई नेहमी माझी जागा धरून ठेवायच्या. खुर्चीवर त्यांची पाण्याची बाटली दिसली की जिवात जीव यायचा." म्हणजे? हिचीही? मग पोस्टातून निवृत्त झालेले एक काका उठले. त्यांची खुर्ची म्हणे वर्तमानपत्राच्या घडीने धरलेली असायची. एक चित्रकार मुलगी रडत रडत म्हणाली, "माझ्यासाठी काकूंची कापडी पिशवी." चष्म्याचं घर, रुमाल, एकाच्या तर खुर्चीवर द्राक्षांची रिकामी पेटी. अहो, ही बाई अख्ख्या नाशिकची जागा धरत होती! माझं म्हणून जे एक होतं, तेही सगळ्यांत वाटलेलं निघालं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

पण मी उठले नाही, कारण मध्येच माझे कान टवकारले. मी ऐकायला लागले. एकेक माणूस बोलत होता आणि मी वाट बघत होते, आता कोण म्हणतंय, शाल. बाटली झाली, पिशवी झाली, छत्रीसुद्धा झाली. शाल कुणीच म्हणालं नाही. शेवटपर्यंत नाही. सूत्रसंचालक म्हणाले, "नणंद म्हणून आपण दोन शब्द..." मी मानेनेच नको म्हटलं. सगळ्यांना वाटलं, कंठ दाटून आला. कसला दाटतोय! मी तोंड उघडलं असतं तर शालीचं निघालं असतं, आणि मग तीही 'आपल्या सर्वांची' झाली असती. आता मात्र हे लिहिलेलं छापून येऊ दे. वाचा म्हणावं सगळ्यांनी सावकाश.

पुढच्या आठवड्यात अमोलने विचारलं, "आत्या, आईचं काही हवंय का? वसुधामावशी ती किरमिजी शाल मागतायत, आठवण म्हणून." मी म्हटलं, तिला बाटली दे. आणि कपाटातून शाल काढून थेट माझ्या पिशवीत घातली.

परवा घाटाजवळच्या मैदानावर या मोसमातली पहिली पहाटेची मैफल झाली. जन्मात पहिल्यांदा मी वेळेआधी पोचले. जागा धरणारं आता कोण आहे? मैदान जवळजवळ रिकामं, नदीवरून गार वारा सुटलेला, खुर्च्यांवर दव. तिसऱ्या रांगेत बसले, आणि काय मनात आलं कोण जाणे, अंगावरची शाल काढून शेजारच्या खुर्चीवर पसरली. हळूहळू रांगा भरल्या. वसुधा आली, शालीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "इथे कुणी आहे का?" मी म्हटलं, "धरलेली आहे." ती पलीकडच्या खुर्चीवर बसली.

गाणं सुरू झालं आणि मला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, बोटं बधिर, खालच्या गार खुर्चीतून थंडी हाडांत शिरत होती. इतकी थंडी असते त्या मैदानात, हे मला ठाऊकच नव्हतं, कारण मी तिथे कधी शालीवाचून बसलेच नव्हते. हात काखेत घातले, पाय खुर्चीखाली आवळून घेतले. आणि आठवलं... वहिनीही अशीच बसायची. हात काखेत, पाय आवळलेले. मला वाटायचं, मळ्यातली आहे, बसायची पद्धतच तशी.

म्हणे, मला कुठं वाजते थंडी. खोटारडी! इतके हिवाळे शेजारी कुडकुडत बसलीस आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. गवयाने तिकडे कुठली जागा घेतली कुणास ठाऊक, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, अगदी तिच्यासारखं. वसुधाने हळूच शालीकडे बोट दाखवून पांघरून घेण्याची खूण केली. मी नाही म्हटलं आणि शेवटपर्यंत तशीच बसून राहिले.