घोट्याला बांधलेला फोन

मी पाचवीत असताना मास्तरांचा सदरा काखेत तंग झाला होता. शाळेच्या पायरीवर बसून मी तो उसवला आणि हातानंच टाचून ढिला करून दिला. मास्तरांनी घालून पाहिला, दोन्ही हात वर-खाली केले आणि म्हणाले, "तू इथं काहून वेळ घालवून राहिला बे?" तेव्हापासून माझी शाळा बंद. लोक म्हणतात, शिक्षण अर्धवट राहिलं. मी म्हणतो, मले वेळेच्या आधी पास केलं.

पुढे चाळीस वर्षं इथल्या पंडरीच्या कपडा बाजारात शिलाई मशीन चालवली. मागच्या साली पाय सुजले. डॉक्टर म्हणाला, बसणं कमी करा, रोज चाला. माझा मुलगा सरकारी कचेरीत साहेब आहे, त्याले हुकूम समजतात. त्यानं मशीनचं डोकं माळ्यावर टाकलं आणि स्टँड गच्चीवरच्या खोलीत. दोन्ही एका जागी ठेवलं असतं तर जशी काही मशीन पळून गेली असती.

"बाबा, आता आराम करा," तो म्हणाला. "लोक मले विचारतात, वडील अजून पायडल मारतात का म्हणून."

"मग सांग ना, मारतात. अन् तुझ्या कॉलेजच्या पँटी कोणी शिवल्या, तेही सांगून टाक."

त्यानं मान हलवली. पण मशीन काही खाली आली नाही.

आता सुनेचं सांगतो. ती नागपूरची पोट्टी, मोबाईलमधले ॲप तपासायची नोकरी करते. कोणतं ॲप फोनमधून काय चोरून राहिलं, हे पकडायचं. घरूनच काम असते. एक दिवस ऑफिसचा एक फोन माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "बाबा, यात पावलं मोजायचं ॲप आहे. बनवणारे म्हणतात, आम्ही फक्त पावलं मोजतो, दुसऱ्या कशाले हात लावत नाही. आम्हाले शंका आहे. पंधरा दिवस हा फोन घेऊन रोज चालाल का? पण त्यातलं सगळं मी पाहीन हं."

मी तिच्या कागदावर सही केली. माझी सही चांगली लपेटदार आहे. फोनमधलं सगळं पाहील म्हणाली. पाहू दे. फोनच्या बाहेरचं तर पाहणार नव्हती.

कारण रोज सकाळी मी तळ्याले चार चक्कर मारायले जातो म्हणून निघायचो आणि दोन गल्ल्या सोडून ब्राह्मणपाऱ्यातल्या दोस्ताच्या दुकानात शिरायचो. दोस्त इथलाच, छत्तीसगढी, माझ्याच वयाचा टेलर. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलेला. त्यानं मले बोलावलं नव्हतं. मी मशीनवर बसलो, तर त्यानं मले उठवलंही नाही.

पहिल्या दिवशी फोन खिशात होता. संध्याकाळी सुनेनं पाहिलं, पावलं चारशे बारा.

"बाबा, चार चक्कर मारले ना?"

"मारले ना. तुझं ॲपच आळशी दिसते."

दुसऱ्या दिवशी मी फोन नाड्यानं घोट्याले बांधला, वरून पायजामा सोडला आणि पायडलवर पाय ठेवला. तीन तास गणवेश शिवले. सोडून पाहतो तर सात हजार! दोस्त हसता हसता खोकला. म्हणाला, "तैं बड़ होशियार हस गा." मी म्हटलं, "हव."

यात खोटं काय होतं? पाय माझेच हलले. जागेवर हलले, एवढंच.

घरी सगळे खूश. मुलगा माझ्या पायाकडे पाहून म्हणाला, "सूज उतरली. पाहा, चालण्याचा फायदा." मी मान हलवली. मोठ्या माणसानं मुलाचं मन मोडू नये.

इकडे सून मात्र हैराण. आठवडा झाला तरी फोनमध्ये काही सापडत नव्हतं. मी विचारलं तर समजावून सांगितलं, "ॲप चालू असताना बारीक बारीक फायली बनवते. काम झालं की स्वतःच पुसून टाकते. मी संध्याकाळी पाहते तोवर सगळं साफ."

"म्हणजे कातरण," मी म्हटलं.

"काय?"

"पंडरीत आमच्या समोरच्या दुकानात एक टेलर होता. गिऱ्हाइकाच्या कापडातून रुमालाएवढा तुकडा वाचवायचा. त्याच्या टेबलाखालचं कातरण पाहिलं की मी सांगायचो, काय बेतलं आणि किती दाबलं. पण दुकान बंद झाल्यावर जाऊन काय उपयोग? झाडू आधीच फिरलेला. झाडूवाल्याच्या आधी जाऊन उभं राहावं लागते."

दुसऱ्याच दिवशी तिनं फोनमध्ये अशी काही कळ बसवली, की ॲप फाईल पुसायले गेलं की पुसण्याआधी तिची एक नक्कल बाजूले पडावी. सून म्हणते, हे तिले आधीच येत होतं, फक्त त्या फोनवर जमत नव्हतं. असेल. पण जमलं ते मी बोलल्यावर, हे मी लिहून ठेवतो.

दोन-तीन दिवसांत नकलांचा ढीग जमला. चोर सापडला. ते ॲप दर थोड्या वेळानं आजूबाजूचा आवाज भरायचं, सोबत जागा लिहायचं, कुठं तरी पाठवायचं आणि पुसून मोकळं व्हायचं. सुनेनं एकटीनं केलेला हा पहिला मोठा तपास. रिपोर्ट तिच्या नावानं जाणार होता. त्या दिवशी ती मात्र चहा देताना माझ्या घोट्याकडे पाहत होती. मले वाटलं, सूज पाहते.

दोन दिवसांनी दुपारी कॉम्प्युटरवर तिच्या साहेबांचा व्हिडिओ फोन आला. मी बाजूच्या खोलीत पडलो होतो. साहेबांचा आवाज मोठा, दारातून ऐकू येत होता.

"मैडम, सात हज़ार क़दम, और फ़ोन तीन घंटे एक ही दुकान में? और आवाज़ के नाम पर ये खटखट? ऐप वाले हँसेंगे. बोलेंगे, आपका फ़ोन ही ख़राब था. रिपोर्ट वापस लेनी पड़ेगी, और ये काम मैं किसी और को दूँगा."

"सर, शाम तक का टाइम दीजिए," सून म्हणाली. "एक जन से पूछना है."

ते एक जन कोण, हे कळायले चौथी पास पुरे होती. तिले सगळं ठाऊक होतं. दुकान, खटखट, सगळं. साहेबाले एक वाक्य सांगितलं असतं तर ती सुटली असती. पण मले विचारल्याशिवाय ती बोलत नव्हती.

मी खोटं कबूल करणारा माणूस नाही. आयुष्यात काज उलटं झालं तरी मी गिऱ्हाइकाले सांगितलं, आता फॅशन अशीच आहे. पण चांगल्या हाताचं काम दुसऱ्याच्या नावावर जाताना मले बघवत नाही. उठलो आणि तिच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन उभा राहिलो. पडद्यावर साहेब दिसत होते.

"साहब, फोन एकदम ठीक है," मी म्हटलं. "गड़बड़ी मेरे पैर में है."

"आप कौन?"

"मैं वो, जो तालाब के चक्कर नहीं लगाता."

नाडा, घोटा, पायडल, सगळं सांगितलं. साहेब इतके हसले की पडद्यातून बाहेर गेले. परत आले आणि म्हणाले, दादाजी, ऐप वाले ऐसे नहीं मानेंगे, दूसरे फ़ोन पर करके दिखाना पड़ेगा. वैसा ही पैर, वैसी ही मशीन, तीन दिन.

"तो कल से दुकान में..." मी सुरुवात केली.

"दुकान में नहीं," सून मधेच म्हणाली. "वहाँ ग्राहक बोलते हैं, बिना पूछे उनकी आवाज़ भरना ठीक नहीं. घर पर ही करना होगा."

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पण गालातल्या गालात हसताना मले दिसली.

फोन बंद झाल्यावर तिनं एक आवाज लावला. आधी खटखट, मग माझाच आवाज, दोस्ताले सांगून राहिलेला: "सून एवढी शिकली, पण नाड्याची गाठ तिच्या बापाले पकडता येणार नाही!"

"माझा बाप नागपुरात आहे, बाबा," ती म्हणाली. "मीच पकडली."

"आवाज साफ आला हं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी मुलगा कचेरीतून आला. सूनच म्हणाली, "अहो, मशीन खाली काढा."

"कोणती मशीन?"

"माळ्यावरची. ऑफिसचं काम आहे."

त्याले सगळं सांगावं लागलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी पंख्याकडे. मग त्यानं बाह्या सरसावल्या, स्टूल घेतलं आणि मशीनचं डोकं खाली आणलं. गच्चीवरून स्टँड उतरवताना धापा टाकत म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणजे ना..." पट्टा चढवायले त्याचंच बोट मधे घेतलं, तेल त्याच्याच हातानं दिलं.

तीन दिवस मी घरात बसून पायडल मारलं. पावलं वाढत गेली, तसल्याच फायली पडल्या, तशीच खटखट भरली गेली. रिपोर्ट सुनेच्याच नावानं गेला. त्यात माझं नाव नाही, फक्त एक वृद्ध पुरुष, असं लिहिलं आहे म्हणे. वृद्ध लिहायची गरज नव्हती.

आता मी तळ्याले खरंच दोन चक्कर मारतो. चार नाही. उरलेले दोन घरी बसून मारतो. मशीन खिडकीपाशी आहे, दोस्ताचे गणवेश इथंच येतात. परवा मुलाच्या कचेरीतले कोणी आले आणि मशीनकडे पाहू लागले. मुलगा काही बोलायच्या आतच मी पाय न थांबवता सांगितलं, "सुनेच्या ऑफिसचा तपास चालू आहे. फार नाजूक काम आहे."