शिडीवरून ऐकलेलं

मुंबईच्या गोदीत तीन वर्षं जहाजांवर नावं रंगवून पंडित पेंटर मानवतला परतला. पोट दुकानांच्या पाट्यांवर चालायचं, पण नाव झालं ते समुद्रामुळं. फोटो स्टुडिओचे पडदे, पैसेवाल्यांच्या बैठकी, जिथं तिथं त्यानं लाटा आणि गलबतं काढली. गोदावरीपलीकडं पाणी न पाहिलेले लोक त्यापुढं उभं राहून फोटो काढून घेत.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात तो चारठाण्याकडच्या एका गावी आबासाहेबांच्या बैठकीत शिडीवर चढून भिंत रंगवत होता. दुपारी पाच-सहा जण येऊन खाली बसले. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला होता, त्यावरून ते खवळले होते. वर बौद्ध माणूस आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. आबासाहेबांना मात्र ठाऊक होतं.

बोलता बोलता दिवेलागणीला कोणती वस्ती पेटवायची, रॉकेल कोण आणणार, हेही ठरलं. वस्ती दोन कोसांवरची, पंडितच्या सासरवाडीची. त्याची बायको मनकर्णा तिथंच बाळंत झाली होती. मागं वळायची हिंमत होईना; रंगवलेलंच आभाळ तो पुन्हा रंगवत राहिला.

"पेंटर, कोणाचे म्हणायचे तुमी?" खालून एकानं विचारलं.

पंडितनं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. आबासाहेबच बोलले, "त्येला काय इचारता? पेंटर, उतरा. आज बास झालं, जावा."

गावाबाहेर काळ्या मातीत सायकलची चाकं जाम झाली. सायकल टाकून तो पळत सुटला. वस्तीवर सासू, बायनाबाई, ऐकेचना. आपलेच लोक आपलं घर कशाला जाळतील, म्हणाली. शेवटी सगळे कमरेएवढ्या ज्वारीत जाऊन पडले. ज्वाळा दिसल्या तेव्हा पंडित झोपलेल्या लेकराच्या तोंडाशी हात धरून होता. ते रडलं तर सगळेच सापडणार होते.

लेकरू सकाळीच उठलं. सात घरं जळाली, माणसं वाचली.

पुढं भिंत पुरी करायला आबासाहेबांचा निरोप आला. त्यांनी आपल्याला जाणूनबुजून सोडलं का, हे पंडितला विचारायचं होतं.

"इचारून काय करता?" मनकर्णा म्हणाली. "येवढं कळत हुतं, तर पेटवणाऱ्यांला का न्हाई अडवलं त्येंनी?"

तो गेला नाही. परभणीत स्टेशनाजवळ खोली घेतली, पडदे रंगवले, पण कुणी पाठीमागं येऊन उभं राहिलं की ब्रश थांबायचा.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला, बाबासाहेबांचं नाव लागलं. मनकर्णा गल्लीत पेढे वाटायला निघाली. ती गेल्यावर पंडितनं आधी आतून दार लावून घेतलं; मग ती एकटीच गेली म्हणून त्याला जास्त भीती वाटली, आणि चपला घालून तो तिच्या मागं गेला.