जवसाचा केक

पोरीला अंडं चालत नाही. मागे शेजारणीकडचा केक एक घास खाल्ला तर ओठ सुजले, श्वास अडकला, मी तशीच अनवाणी दवाखान्यात पळाले. म्हणून दुसऱ्या वाढदिवसाला बदलापूरहून उल्हासनगरला गेले, आणि बिनअंड्याचा केक करून देणाऱ्या एका सिंधी बेकरीवाल्या अंकलसमोर केक होईपर्यंत उभीच राहिले.

अंकलनी जवसाची पूड कोमट पाण्यात भिजवली. चमचा उचलला तर बुळबुळीत तार आली.

"अंकल, हे अंडंच आहे!"

"अरे बेटी, अलसी है, तुमचं जवस! अंड्यासारखं मैद्याला पकडून ठेवतं." त्यांनी चाटून दाखवलं, परत हात धुतले.

मग केकच्या डब्याला लावायला ब्रश तेलात बुडवला आणि मी ओरडलेच, कारण त्याच ब्रशने ते मघाशी बनपावांवर अंडं फिरवत होते.

"अंकल, तो ब्रश!"

अंकलनी ब्रश खाली टाकला. डबा बाजूला सारला, तेलाची वाटी ओतून दिली. धुतलेला डबा काढला, नवं तेल बोटाने लावलं.

"चाळीस सालचा हात, आपोआप ब्रशकडे जातो," ते खाली बघूनच म्हणाले. "तू अशीच डरत जा, बेटी."

घरी सासूबाई मला भित्री म्हणतात. संध्याकाळी पोरीने तुकडा संपवला, अजून मागितला. मी दिला, आणि तिच्या ओठांवरची नजर काही हलवली नाही.