चालून दाखव

राहात्याजवळच्या आमच्या बागेत पेरूंनी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन मी अरुंद बांधावरून हात न लावता चालायचे. मग मला बघायला पाहुणे आले. मुलाचे मामा म्हणाले, "पोरी, जरा चालून दाखव." सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर खिळल्या. खांदे आखडले, मान खाली गेली आणि सपाट फरशीवर माझा तोल गेला. मामांनी वडिलांना विचारलं, "पायात काही दोष हाय का?" वडील मलाच म्हणाले, "परत चाल. नीट."

मी परत चालले. आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. मुलगा आल्यापासून सोफ्यावर रेलून पोहे खात होता. त्याला नुसतं उभं राहून दाखव, असंही कुणी म्हटलं नाही.